आईच्या दारावरची कडी

आमच्या डोंबिवलीच्या घराचं दार जमिनीला घासायचं. चाळ जुनी, चौकट एका बाजूने खाली बसलेली, बिजागऱ्या ढिल्या. दार थोडं उचलूनच उघडावं लागे आणि घरातला प्रत्येक माणूस ते आपापल्या तऱ्हेने उचलायचा. बाबा ठाण्याच्या ऑफिसातून आले की दोन्ही हातांनी, बेताने, आत कोणी आजारी झोपलंय अशा काळजीने. धाकटी सुमी सरळ लाथ मारायची. आईचे हात कायम भरलेले, कधी पाण्याची कळशी, कधी वाळवणाचं ताट, म्हणून ती कंबरेने एक हिसका द्यायची. स्वयंपाकघरात पाठमोरा बसलो असलो तरी कोण आलं ते मला कळायचं. दुपारी मानपाड्याकडून वारा आला की कारखान्यांचा आंबूस, डोळ्यांना झोंबणारा वास यायचा आणि अख्खी चाळ खिडक्या लावून घ्यायची. त्या बंद खोलीत मग कुळथाची पिठी रटरटण्याचा आवाज, शेजारच्या रेडिओची कुजबुज आणि आईच्या बांगड्या एवढंच ऐकू येई. आमची माणसं मूळची रत्नागिरीकडची. आईने ते गाव डोंबिवलीत आणलं होतं ते तिच्या मसाल्याच्या डब्यात आणि बोलण्यातल्या हेलात.

आता मी ठाण्याला घोडबंदर रस्त्यावर राहतो. आमच्या दाराला आकडे दाबून उघडायचं कुलूप आहे. मुलाने हौसेने बसवलं. कोणीही आलं तरी ते एकाच सुरात पीप वाजतं. आत कोण येतंय ते दार उघडेपर्यंत कळत नाही. घरातल्यांना त्याचं काही वाटत नाही. मी मात्र त्या आवाजासरशी दरवेळी मान वर करतो. बायको म्हणते, तुम्हाला कोणाची वाट असते हो सारखी? ज्याची असते त्याच्याबद्दलच हे लिहायला बसलो आहे.

आयटीआय झाल्यावर मी मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत फिटरचा अप्रेंटिस म्हणून लागलो. पहिले काही महिने नुसतं कानस मारणं. लोखंडाचा ओबडधोबड तुकडा व्हाइसमध्ये धरायचा, घासायचा, कोन तपासायला गुण्या लावून उजेडापुढे धरायचा, फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचा. माझ्या शेजारच्या व्हाइसवर भगवान होता. तो शीळफाट्याजवळच्या एका गावातला, आगरी. अंगाने रुंद, बोलायला मोकळा, आणि कानशीवर हात असा की उजेड त्याच्या जोडातून जायला वाटच शोधत राहायचा. शिफ्ट सुटली की पुष्कळदा तो माझ्याबरोबर घरी यायचा. खाडीत चिंबोऱ्या मिळाल्या की पिशवीत घालून घेऊन यायचा. त्या पिशवीतून खेकड्यांची खरखर ऐकू आली की सुमी खाटेवर चढून बसायची. आई हसत हसत त्या चिंबोऱ्या साफ करायला घ्यायची. तो तिला 'मावशे' म्हणायचा आणि तिच्या रश्शात नेहमी खोट काढायचा, की तिखट जरा भितंय, तुमच्या रत्नागिरीत मिरच्या महाग हाईत का? आई म्हणायची, गप गिळ मेल्या. आणि दुसऱ्यांदा वाढायची ती आधी त्याला.

आमच्या ट्रेनिंग शॉपचे इन्स्ट्रक्टर देवधर सर. पांढरा शर्ट, खिशात स्टीलची छोटी पट्टी, आवाज कधी चढलेला नाही. त्या वर्षी कारखानदारांच्या संघटनेने अप्रेंटिस मुलांसाठी एक स्पर्धा काढली. प्रत्येक कंपनीतून एक टीम. टीमने स्वतःच्या हातांनी एखादी वस्तू बनवायची, ती खरोखरच्या गिऱ्हाइकांना विकायची, आणि शेवटी ठाण्याच्या एका सभागृहात परीक्षकांपुढे आपला हा छोटा धंदा उभा करून दाखवायचा. जिंकणाऱ्या टीमला कंपनी पुढे कायम करून घेणार, असं आमच्या मॅनेजरसाहेबांनी जाहीर करून टाकलं. सरांनी आमच्या शॉपमधून मला आणि भगवानला निवडलं, आणि ड्रॉइंग ऑफिसमधून नीताला. नीता विठ्ठलवाडीहून यायची, बारीक अंगाची, कमी बोलणारी, तिच्या पेन्सिलीला कायम सुईसारखं टोक. लीडर मी झालो, कारण मला बोलता यायचं. भगवान त्या दिवसापासून मला नावाने हाक मारेनासा झाला. लीडर, चहा सांगतस का? लीडर, तुजा बूट सुटलाय.

वस्तू कोणती, यावर आमचे बरेच दिवस गेले. शेवटी ती सुचली आमच्या दारावरूनच. चाळींतल्या दारांना तेव्हा साध्या साखळ्या नाहीतर गंजक्या चिटकण्या असायच्या. आतून लावायला विसरलं की दार उघडंच. आम्ही ठरवलं, दार लोटलं की आपोआप लागणारी कडी करायची. दारावर एक खालीवर हलणारी दांडी, चौकटीवर तिला अडकवणारा आकडा. दार लोटलं की दांडी आकड्यावरून चढणार आणि त्याच्या खाचेत पडणार. नीताने ड्रॉइंग केलं, नावही तिनेच दिलं, 'राखण'. पहिला नग भगवानने आणि मी मिळून घासला आणि शॉपच्या दारावर लावून पाहिला. पण दांडी खाचेत पडताना अडखळत होती. कधी पडायची, कधी वरच राहायची. मी आकड्याचं नाक कानशीने थोडं उतरवलं. मग आणखी थोडं. आणि एकदम ती झरकन खाली आली. टक. इतका स्वच्छ, भरीव आवाज की आम्ही तिघंही हसलो. मी दार पुन्हा लोटलं, पुन्हा टक. गिऱ्हाईक ह्या आवाजावरच घेईल, मी म्हणालो. भगवानने आकडा हातात घेऊन अंगठा फिरवला आणि विचारलं, नाक लय उतरवलं नाय ना रे? नीता म्हणाली, ड्रॉइंगपेक्षा कमी झालंय. मी म्हणालो, ड्रॉइंगला आवाज नसतो.

पुढचे सगळे आकडे त्या पहिल्याच्या मापाने झाले.

पहिला नग मी आमच्याच दाराला बसवला. मग आम्ही मानपाड्याच्या आणि आसपासच्या चाळींमधून, जुन्या इमारतींमधून फिरलो. विकायचं काम खरं भगवानचंच. मी दारात उभा राहून पाठ केलेलं बोलायचो, बायका ऐकून घ्यायच्या आणि नको म्हणायच्या. भगवान काहीच न सांगता विचारायचा, काकी, पानी मिलल का? पाणी पिता पिता दाराकडे बघायचा, आणि म्हणायचा, ह्या दाराला कोन लोटल तं येलच की आत. मग काकी स्वतःच विचारायच्या, तुझ्याकडे काय आहे रे पिशवीत? कडी बसवायलाही तोच. आम्ही विकलेल्या जवळजवळ प्रत्येक घराच्या उंबऱ्याच्या आत त्याचे पाय गेले होते. तेव्हा मला ते आमचं भांडवल वाटलं होतं.

संध्याकाळी शिफ्टनंतर देवधर सर आम्हाला थांबवून परीक्षकांच्या प्रश्नांची तयारी करून घेत. त्यांची एकच शिस्त होती. विचारलं तेवढंच सांगायचं. ते म्हणत, माणूस अडकतो तो जास्तीच्या वाक्यात. एका वाक्याचं उत्तर असेल तर दुसरं वाक्य तोंडातून येता कामा नये. आम्ही दुसरं वाक्य सुरू केलं की ते काही न बोलता तळहात वर करायचे. ट्रॅफिक पोलीस करतो तसा. नीताला हे जमलंच, ती मुळात कमी बोलणारी. भगवानला कधीच जमलं नाही. त्याच्या प्रत्येक उत्तरात त्याचं गाव, त्याचा बाप, कोणाची तरी म्हैस यायची, आणि सरांचा हात वरचा खाली यायला तयार नसायचा. मला मात्र ते चांगलंच जमलं. इतकं की सर एकदा म्हणाले, अविनाश, तुझं उत्तर गुण्यात असतं. एवढी शाबासकी मला आधी कोणी दिली नव्हती. घरी येऊन मी ती आईला सांगितली. आई म्हणाली, गुण्यात म्हणजे काय रे? मी म्हणालो, काटकोनात. ती म्हणाली, बरं हो. आणि पोळी उलटली.

अंतिम फेरीच्या साधारण आठवडाभर आधीची दुपार. मी सुट्टी घेऊन घरात भाषण पाठ करत बसलो होतो, दार लावून. सुमी आत झोपली होती. आई गच्चीवर पापड वाळत घालायला गेली होती. एकाएकी दाराला हिसका बसला, दार किंचित वर उचललं गेलं, आणि कडीची दांडी माझ्या डोळ्यांसमोर आकड्यातून अलगद वर उडाली. दार उघडलं. दोन्ही हातांत परात घेऊन आई आत आली.

"कडी लावली होती मी," मी म्हणालो.

"लावलेलीच असते. मी अशीच येते रोज." तिने परात खाली ठेवली. "तुझी कडी शहाणी आहे हो. मला ओळखते."

ती हे कौतुकाने म्हणाली होती. मी बाहेर जाऊन दार लावून घेतलं, आत टक वाजल्याचं ऐकलं, आणि आईसारखाच कंबरेने हिसका दिला. कडी मलाही ओळखत होती. ज्या दाराच्या बिजागऱ्या ढिल्या, जे दार मुळात उचलता येतं, तिथे ती कोणालाही ओळखणार होती, आणि चाळींमधली सगळी दारं तशीच होती. मी नाक जास्त उतरवलं होतं, दांडीला धरून ठेवायला खाच पुरेशी खोल उरली नव्हती. मी दारासमोर उभा असताना आतून आई म्हणत होती, अरे येतोस की नाही, पिठी निवतेय. त्या दिवशीचं जेवण मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी शॉपमध्ये ग्राइंडर चालू असताना मी भगवानला हे सांगितलं, म्हणजे दुसरं कोणी ऐकू नये. त्याने ग्राइंडर बंद केला. म्हणाला, मंग घराघरात जाऊन दांडीच्या वर एक एक अडसर मारून येऊ, लहान स्क्रू पन चालल. मी म्हणालो, फायनल होऊ दे. आत्ता गेलो तर बोभाटा होईल, लोक कड्या परत करतील, परीक्षकांना दाखवायला काय राहील? एका आठवड्याचा तर प्रश्न.

"चोर काय तुजी फायनल झाल्यावर येनार हाय का, लीडर?"

मी हसलो. मला खरंच हसू आलं होतं. तोही हसेल असं वाटलं, पण त्याने ग्राइंडर पुन्हा चालू केला.

दोन-तीन दिवसांनी चहाच्या वेळी त्याने सांगितलं की तो काल आमची कडी घेतलेल्या मराठे काकूंकडे आणि त्यांच्या जिन्यावरच्या आणखी एका घरी जाऊन अडसर मारून आला. हँडड्रिल त्याने गावातून कोणाचं तरी आणलं होतं. कायमची नोकरी त्यालाही माझ्याइतकीच हवी होती. घरातल्या जमिनीचे तुकडे रस्त्यात आणि वसाहतीत गेले होते, बाप दुसऱ्याच्या मिठागरावर राबून थकला होता, हे सगळं मला ठाऊक होतं. तरी तो गेला. मी त्याला म्हणालो, तू तुझं बघ, माझं नाव कुठे घेऊ नकोस. त्याने मान डोलावली. त्या शब्दाला तो पुढे जागणार आहे, हे मला त्या वेळी कुठे माहीत होतं?

फायनलच्या आदल्या दिवशी देवधर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आत मॅनेजरसाहेब होते, नीता भिंतीला टेकून उभी होती, भगवान टेबलासमोर होता, आणि खुर्चीत मराठे काकूंचे यजमान बसले होते. त्यांच्या मुलीच्या कानातल्या रिंगा घरातून नाहीशा झाल्या होत्या. घरात बाहेरचं कोणी आलं नव्हतं, कडी बघायला आलेल्या ह्या मुलाशिवाय. काकू आत दूध बघायला गेल्या तेव्हा तो बाहेरच्या खोलीत एकटा होता. ते गृहस्थ ओरडत नव्हते. आवाज खाली ठेवून, समजुतीने बोलत होते, आणि त्यामुळेच सगळं खरं वाटत होतं. मी इथे काही लपवून ठेवत नाही, म्हणून हेही लिहितो. क्षणभर, एकच क्षण, मलाही वाटून गेलं की घेतल्या असतील का यानं?

भगवान सांगत होता की कडीत खोट आहे, दार उचललं की ती उघडते, म्हणून तो स्क्रू मारायला गेला होता. केबिनच्या कोपऱ्यात आमचा प्रदर्शनाचा बोर्ड तयार होता. त्यावर मी एक छोटं दार बसवलं होतं, नव्या सागाचं, नव्या घट्ट बिजागऱ्यांचं, पॉलिश केलेलं. सर म्हणाले, दाखव. भगवानने दार लोटलं. टक. त्याने ते खालून उचलायचा प्रयत्न केला, हिसका दिला, खांदा लावला. त्या दारात उचलायला जागाच नव्हती. कडी जागची हलली नाही. त्याने पुन्हा खांदा लावला, तेव्हा बोर्डच टेबलावरून सरकला आणि मॅनेजरसाहेब म्हणाले, पुरे.

मग सर माझ्याकडे वळले.

"अविनाश, याला दुसऱ्यांदा त्या घरी तू पाठवलं होतंस?"

"नाही, सर."

हे खरं होतं. मी पाठवलं नव्हतं. भगवानने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं रागाचं नव्हतं. मी पुढचं वाक्य बोलेन म्हणून तो वाट बघत होता, वही पुढे करून मुलगा मास्तरांच्या सहीची बघतो तशी. पुढचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी पाठवलं नव्हतं, पण तो का गेला ते मला माहीत आहे, आणि कडी माझ्या घरीही उघडते. एवढंच. इतक्या वर्षांत मी ते वाक्य इतक्या वेळा मनात म्हटलं आहे की आता ते कोणीतरी पाठ करायला दिल्यासारखं वाटतं. त्या क्षणी सरांनी तळहात वर केला होता का? कधी मला तो हात स्पष्ट दिसतो, खिशातली पट्टी चमकताना दिसते. कधी दिसतं की सरांचे दोन्ही हात टेबलावर होते आणि तेही वाट बघत होते. दोन्हींतलं कोणतं खरं, ते मला सांगता येत नाही. सर आता नाहीत. मला हवा असतो तेव्हा तो हात वर होतो, म्हणून मला त्या आठवणीचा भरवसा वाटत नाही.

भगवानने तेव्हाही माझं नाव घेतलं नाही. त्याने एवढंच विचारलं, मी जाऊ का? पोलिसांत कोणी गेलं नाही. मराठ्यांना बभ्रा नको होता, कंपनीलाही. काही दिवसांनी गैरहजेरीच्या कारणाने त्याची अप्रेंटिसशिप संपल्याचं ऐकलं. रिंगा पुढे कुठे सापडल्या का, ते मी कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात आम्ही दोघंच मंचावर होतो. आमच्यात तिसऱ्या माणसाला उभं राहायला जागा राहील इतकं अंतर नीताने ठेवलं होतं. मी बोललो, चांगलं बोललो. शेवटी मी माइक दाराजवळ नेला आणि दार लोटलं. टक. तो आवाज सगळ्या सभागृहात घुमला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. परीक्षकांनी प्रश्न विचारले, मी विचारलं तेवढं सांगितलं. टीममध्ये आणखी कोणी होतं का, हे कोणी विचारलं नाही. आम्ही पहिले आलो. परतताना नीताने बाहेर बघत मला विचारलं, कडीत खरंच काही नव्हतं ना? मी म्हणालो, तू बोर्ड पाहिलास ना. तिने त्यानंतर मला काही विचारलं नाही. कायम झाल्यावर थोड्याच महिन्यांत तिने नोकरी सोडली.

विकलेल्या कड्यांना अडसर मी मारून आलो. फायनल झाल्यावर, ठरल्याप्रमाणे. मराठ्यांच्या घरी तो आधीच होता. नीट बसवलेला, कडेचा भुसा फुंकून काढलेला. त्या जिन्यावर मी किती वेळ उभा होतो कोणास ठाऊक. एक घर तेवढं राहिलं, आमचं. आईला म्हणालो तेव्हा ती म्हणाली, माझे हात भरलेले असतात, मला अशीच बरी. भगवान का येत नाही, असं तिने सुरुवातीला एकदा विचारलं. मी सांगितलं, त्याने कंपनी सोडली. तिने पुढे विचारलं नाही. चिंबोऱ्यांचं मोठं पातेलं तिने घासून वर माळ्यावर ठेवलं, असं मला वाटलं होतं.

पुढचं आयुष्य बरं गेलं. कंपनी बदलली, हुद्दा वाढला, आता निवृत्तीजवळ आलो असताना ठाण्यात अप्रेंटिस मुलांचं ट्रेनिंग माझ्याकडे आहे. स्पर्धेसाठी मुलांची तयारी करून घ्यायची वेळ येते तेव्हा मी ते काम दुसऱ्या कोणाकडे देतो. जुन्या इमारतींच्या जिन्यावरून जाताना कधीतरी एखाद्या दारामागे अजून टक ऐकू येतं. मग माझे पाय थांबतात. त्या दाराआड कोणीतरी निर्धास्त झोपलेलं असतं आणि मला वाटतं की दार आत्ता उचललं जाईल.

गेल्या वर्षी आई गेली. बाबा आधीच गेले होते, सुमी नाशिकला. चाळ पाडून तिथे टॉवर होणार, म्हणून दिवस झाल्यावर मी एकटा घर आवरायला गेलो. दुपार होती, वारा मानपाड्याकडचा होता, खिडक्या मी सवयीने लावून घेतल्या होत्या. दाराची कडीही लावली होती. माळ्यावरून पातेली काढत असताना पाठीमागे दाराला हिसका बसला. दार किंचित उचललं गेल्याचा तोच घासल्याचा आवाज, आणि दांडी आकड्यातून उडाल्याचा. माझ्या हातातलं झाकण सुटलं. मी वळलो नाही. मला वळायचं नव्हतं. घरातल्या माणसांपैकी असं आत येणारं एकच माणूस होतं.

"अजून बदलली नायस," मागून आवाज आला.

दारात भगवान उभा होता. केस पांढरे, पोट सुटलेलं, हातात पिशवी. शीळफाट्याला त्याचं लोखंडी दारं आणि ग्रिल करायचं वर्कशॉप आहे हे मी कोणाकडून तरी ऐकलं होतं. कधी तिकडे गेलो नव्हतो. त्याने चपला बाहेर काढल्या आणि खाटेवर बसला, रोजच्या जागेवर बसावं तसा. आयस गेली ते उशिरा कलला, तो म्हणाला. गावातल्या पोरानं सांगितला. मी चहा टाकला. साखर मला सापडेना. त्याने बसल्या जागेवरून सांगितलं, वरच्या फळीवर, निळ्या डब्यात.

मी डबा काढला. तो निळाच होता.

मग हळूहळू कळलं. तो येत होता. मी कामावर असायचो त्या वेळेला, आणि पुढे मी ठाण्याला गेल्यावर कधीही. दर दिवाळीला, आणि मध्ये चिंबोऱ्या मिळाल्या की. पातेलं माळ्यावर गेलंच नव्हतं. पहिल्याच वर्षी त्याने तिला सगळं सांगितलं होतं, ग्राइंडरपासून केबिनपर्यंत.

"ती काय म्हणाली?" मी विचारलं.

"काय नाय. रडली थोडी. मंग बोलली, जेवून जा." त्याने चहाचा घोट घेतला. "कडी बदलून देतो बोल्लो तिला, कितींदा. बोलली, ऱ्हाऊ दे, तुला सवय हाय."

इतकी वर्षं ती माझ्यासमोर बसून मला वाढत होती. मी कधी विचारलं नाही, भगवान येतो का, म्हणून तिने कधी सांगितलं नाही. विचारलं तेवढंच. तिला हे कोणी शिकवलं होतं?

मी त्याच्यासमोर पाटावर बसलो आणि ते वाक्य बोललो. मी तुला पाठवलं नव्हतं, पण तू का गेलास ते मला माहीत होतं, आणि कडी माझ्या घरीही उघडत होती. मनात म्हणताना ते नेहमी मोठं वाटायचं. खोलीत ते फार लहान निघालं. भगवानने कप खाली ठेवला.

"ह्या आता कोनाला सांगतस? सरांना सांग जाऊन."

"सर गेले."

"मंग ऱ्हाऊ दे."

तो रागावला नव्हता. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. पिशवी त्याने मोरीपाशी ठेवली. आतून खरखर ऐकू येत होती. नेहमीच्या सवयीनं आनल्या, तो म्हणाला, वाटेत आठवला आता रांधल कोन. मग उठला, भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे पाहिलं, चपला घातल्या आणि बाहेर पडून दार ओढून घेतलं. दांडी आकड्यात पडली. टक.

मी दारापाशी उभा राहिलो. बाहेर त्याची पावलं जिन्याच्या तोंडाशी थांबली. कडी लागलेली होती आणि तिला उघडायला त्याला माझी गरज नव्हती, तसं दार उचलून आत यायला आता त्याच्याशिवाय कोणी उरलंही नव्हतं. आत मोरीपाशी पिशवी खरखरत होती. मी दाराच्या खालच्या कडेकडे बघत राहिलो, ती जमिनीवरून उचलली जाते का ते बघत. मग पावलं जिना उतरू लागली.